सव्वासात इंची ब्लेड, बोहरी आळी आणि माझी जळकी प्लाय

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही, शनिवार-रविवारचा हौशी सुतार आहे, पुण्यात धायरीतल्या फ्लॅटच्या टेरेसवर जमेल तेवढं करतो. दोन वर्षांपूर्वी ७ इंची वुड कटर घेतला, म्हणजे सर्क्युलर सॉ, आपल्याकडे सगळे कटरच म्हणतात. त्याच्याबरोबर आलेलं २४ दातांचं ब्लेड मी आजपर्यंत एकदाही बदललं नव्हतं, बदलायचं असतं हे माहीत होतं पण चालतंय ना मग चालू दे असं. गेल्या महिन्यात पुस्तकांच्या कपाटासाठी १८ एमएम प्लाय कापायला घेतली, ७१० वाली म्हणजे पाण्याला टिकणारी, आणि पहिल्या दोन फुटांतच धूर. ढकलावं लागत होतं, मोटर रडत होती, कडेला काळी रेघ उमटली आणि वास असा की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काही करपलंय का विचारायला.

मग केली तीच चूक जी सगळे करतात, ऑनलाइन मागवलं. नाव घेत नाही, पण लिस्टिंगमध्ये लिहिलेलं "७ इंच, सर्व मशीनला चालेल". आलं ते बरोबर १८० एमएम, आणि माझ्या मशीनला सव्वासात म्हणजे १८४ एमएमचं लागतं. ४ एमएमचं एक वेळ सोडून द्या, कापायची खोली २ एमएमने कमी होईल एवढंच, पण मधलं भोक २५.४ एमएमचं आणि माझा स्पिंडल, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा, २० चा. भोक लहान करणारी रिंग बॉक्समध्ये नाही. ब्लेड स्पिंडलवर ठेवलं तर हुला हूप. आता हे लिहायला लाज वाटते पण मी पाच मिनिटं गंभीरपणे विचार केला की स्पिंडलला इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवू का. करू नका. मिनिटाला पाच हजार फेरे मारणारी दातेरी चकती मध्यावर नसेल तर काय होईल ते टेपला विचारून उपयोग नाही. परत पाठवलं, पैसे यायला १९ दिवस.

शेवटी ऑफिसमधला एक जण म्हणाला रविवार पेठेत जा ना, बोहरी आळीत. आता मेट्रोचं मंडई स्टेशन झाल्यापासून तिकडे जाणं सोपं झालंय, स्वारगेटहून पुढचंच स्टेशन, पण पिशवीत करवतीचं ब्लेड घेऊन बॅग स्कॅनरसमोर उभं राहायची माझी काय हिंमत झाली नाही म्हणून स्कूटर काढली. पार्किंगबद्दल बोलत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दुकान जेमतेम सहा फुटांचं. भिंतीवर खिळ्यांना ब्लेडं टांगलेली, ४ इंचीपासून थेट मोठ्या मशीनच्या १२ इंचीपर्यंत, आणि काउंटरमागे साठीतले चाचा. मी म्हटलं "चाचा, ७ इंची ब्लेड द्या, ६० दात". उठलेच नाहीत. "जुनं आणलंय?" आणलं होतं. वर्तमानपत्रातून काढून दिलं, त्यांनी व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून भोक मोजलं, मग दाताच्या मागच्या बाजूला अंगठ्याचं नख घासलं आणि मला दाखवलं. नखाखाली चॉकलेटी चिकट थर, चिंचेचा कोळ वाळल्यावर भांड्याला धरतो ना तसा. "हे मेलेलं नाय, मळलंय", असं म्हणाले. लाकडाची राळ आणि प्लायमधला डिंक दातांवर बसतो, मग दात कापायच्या ऐवजी घासतो, घासला की तापतो, तापला की आणखी डिंक चिकटतो. मला वाटत होतं धार गेली. धार थोडी गेलीच होती म्हणा, पण निम्मा धूर त्या मळाचा होता.

मग प्रश्न. काय कापणार, मशीन कुठलं, फेरे किती, आणि "मिस्त्री की शौक?" मी म्हटलं शौक. "मग बोटं जास्त सांभाळा, मिस्त्रीला सवय असते."

६० दात त्यांनी दिलेच नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं, दात कमी तर दोन दातांमधली खाच मोठी, भुसा पटकन बाहेर पडतो, उभ्या रेषेत सागवान चिरायला, जाडजूड फळ्या कापायला २४ झकास. दात जास्त तर काप साफ पण ब्लेड हळू चालतं आणि घाई केली की तापतं. प्लाय आणि सनमायका मिळून घरगुती कामाला ४० घ्या, रोज नुसती सनमायका लावलेली प्लायच कापायची असेल तर ६० ला या. ४० दातांचं टीसीटी, म्हणजे दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड डकवलेलं, ७५० रुपये, आणि २५.४ ची २० करणारी रिंग त्यातच. खाली २८० वालं पण होतं, ते हातात घेऊन बघितलं तर दातांना टाका नीट बसलेला नव्हता, एक टोक चक्क तिरकं. माझ्या तोंडासमोर ५ हजार फेऱ्यांनी फिरणार आहे ते, ४७० रुपये वाचवून काय करू.

मी असतानाच एक पोरगा आला, त्याला ४ इंची ग्राइंडरवर लावायला लाकडाचं ब्लेड हवं होतं, ते पण ५ इंची, गार्ड म्हणजे ब्लेडवरचं संरक्षक झाकण काढून बसवणार म्हणाला. चाचा नाही म्हणाले. पोरगा म्हणतो सगळे लावतात. चाचा म्हणे लावतात, माझ्याकडून घेऊन नाही लावत. ग्राइंडर ११ हजारांच्या आसपास फिरतो, ब्लेडवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो तो वाच, आणि लाकडात अडकलं तर एका हाताने धरलेला ग्राइंडर कुठे जाईल ते तूच सांग. पोरगा पुढच्या दुकानात गेला आणि त्याला तिथे मिळालं असणार याची मला खात्री आहे, पण या दुकानाबद्दल मला जे सांगायचं होतं ते हेच.

आता बसवण्याबद्दल, कारण मागे एकदा मी ब्लेड नुसतं काढायला गेलो होतो आणि ते काढताच आलं नव्हतं. व्हिडिओमध्ये बघितलं उलटे आटे असतात, म्हणून मी ॲलन की लावून घड्याळाच्या दिशेने जोर लावत बसलो, हात सटकून बोटाची सालटी निघाली आणि बोल्ट अजून घट्ट. तो व्हिडिओ चॉप सॉचा होता, म्हणजे ब्लेड वरून खाली आणून कापायच्या वेगळ्याच मशीनचा. चाचांनी काउंटरवर ब्लेड उभं धरून दाखवलं ते असं की दिशा पाठ करायचीच नाही, ब्लेड कापताना ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला बोल्ट सुटतो. म्हणजे चालताना तो आपोआप घट्टच होत राहावा म्हणून तसे आटे पाडलेले असतात. माझ्या मशीनला ब्लेड उजव्या अंगाला आहे, तिथे नेहमीसारखाच डावीकडे सुटतो, डाव्या अंगाला ब्लेड असलेल्या मशीनला उलटा. एवढं एक वाक्य कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर.

घरी येऊन पहिलं काम प्लग काढला, नुसतं बटण बंद नाही, प्लग काढून समोर जमिनीवर ठेवला, दिसेल असा. स्पिंडल लॉक दाबून धरला, की लावली, बोल्ट टक् करून सुटला. आतला फ्लॅंज, म्हणजे ब्लेड ज्याला टेकतं ती चकती, बघून मात्र घाबरलो, भुशाचा वाळून दगड झालेला थर, एका बाजूला जाड. त्यावरच ब्लेड बसत होतं म्हणजे इतके दिवस माझं ब्लेड जरासं तिरकं फिरत होतं आणि मी दोष मोटरला देत होतो. ब्रशने, मग चिंधीने पुसला. रिंग भोकात बसवताना ती ब्लेडच्या जाडीच्या बाहेर येत नाही ना ते बोट फिरवून बघा, बाहेर आली तर फ्लॅंज रिंगला पकडतो, ब्लेडला नाही. ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एका दिशेला, समोरचे दात वर बघणारे. बोल्ट हाताने बसेपर्यंत आणि मग कीने नीट आवळला, लटकून नाही. प्लग लावायच्या आधी हाताने दोन फेऱ्या मारल्या, गार्ड उघडतो-मिटतो का बघितलं, आणि मग बाजूला उभं राहून अर्धा मिनिट रिकामं चालवलं. आवाजच वेगळा. आधी घरघर होती, आता सुंऽऽ.

रिझल्ट? त्याच प्लायचा आठ फुटी काप, धूर नाही, रेघ नाही, मशीन ढकलावं लागलं नाही, माझ्या हाताच्या वजनानेच पुढे जात होतं. खालच्या बाजूची कड इतकी साफ की सँडपेपर दोनदाच फिरवला. वरच्या बाजूला टवके थोडे उडालेच, ते ब्लेडचा दोष नाही, हे मशीन खालून वर कापतं त्यामुळे वरचा पापुद्रा उचलला जातो. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची, आणि दोन्ही बाजू दिसणार असतील तर रेषेवर मास्किंग टेप. खोली पण मी आधी सगळीच खाली सोडायचो, आता प्लायच्या खाली एखादा दात डोकावेल एवढीच. प्लायखाली थर्मोकोलचा शीट टाकला की दोन्ही तुकडे सपाट राहतात, नाहीतर कापलेला भाग वाकून ब्लेडला चावतो आणि मशीन उसळी मारून मागे येतं, एकदा आलंय, तेव्हापासून मी मशीनच्या थेट मागे उभा राहत नाही.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. ब्लेडवरचा लाल रंग पहिल्या दोन कापांत सनमायकाच्या कडेला लागला, थिनरने गेला पण आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून घ्या. जुनं ब्लेड मी नंतर तिथेच धार लावायला दिलं, दाताप्रमाणे पैसे, काम ते बाहेरून करून आणतात, तीन दिवस म्हणाले आणि आठ लागले, दोन चकरा फुकट. देण्याआधी घरी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून वीस मिनिटं बुडवलं होतं आणि जुन्या टूथब्रशने घासलं होतं, पाणी चहासारखं झालं. लगेच पुसून तेलाचा हात फिरवला, नाहीतर पत्रा गंजतो. आता ते २४ वालं फळ्या चिरायला ठेवलंय, ४० वालं प्लायला, अदलाबदल पाच मिनिटांत होते.

पाचपैकी साडेचार. जाणार असाल तर मशीन नाही तरी जुनं ब्लेड न्याच, आणि वर्तमानपत्राच्या एका घडीवर भागवू नका, चांगला पुठ्ठा गुंडाळा. माझ्या स्कूटरच्या सीटला मागच्या बाजूला दातांची एक सुंदर ओळ आहे, चाळीसपैकी सहा.