ब्लू नोटची ‘क्लासिक व्हिनाइल’ मालिका : बेळगावातल्या श्रोत्याने कोणती रेकॉर्ड घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत जॅझच्या रेकॉर्ड विकणारे दुकान निदान माझ्या पाहण्यात नाही. रेकॉर्ड हातात घेऊन, उलटसुलट पाहून, एखादी बाजू ऐकून मग पैसे मोजण्याची सोय इथल्या श्रोत्याला नसल्यामुळे मुंबई, पुणे किंवा बंगळूरच्या विक्रेत्याकडे ऑनलाइन मागणी नोंदवावी लागते, आणि कोणत्या आवृत्तीची मागणी नोंदवायची हे घरबसल्या, केवळ वाचून ठरवावे लागते. एकाच अल्बमच्या आठ-दहा आवृत्त्या बाजारात असतात आणि मुखपृष्ठ सगळ्यांचे सारखेच दिसते. अशा वेळी वादकाच्या नावाइतकेच महत्त्व ध्वनिमुद्रकाच्या आणि मूळ फितीवरून तबकडीची खाच कोरणाऱ्या तंत्रज्ञाच्या नावाला द्यावे, असे माझे मत आहे. ही दोन नावे पक्की असली की रेकॉर्ड न ऐकता मागवण्यातला धोका पुष्कळ कमी होतो. मध्यमवर्गीय खिशाला झेपेल अशा दरात दोन्ही नावांची खात्री देणाऱ्या मालिकांमध्ये ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीची ‘क्लासिक व्हिनाइल’ ही मालिका मला सर्वांत भरवशाची वाटते.

ब्लू नोटच्या जुन्या संग्रहातले गाजलेले अल्बम या मालिकेत पुन्हा काढले जातात. जिथे शक्य आहे तिथे मूळ ॲनालॉग फितीवरून केविन ग्रे हा तंत्रज्ञ लॅकरवर, म्हणजे साचा बनवण्यासाठीच्या मऊ लेपाच्या तबकडीवर, खाच कोरतो आणि १८० ग्रॅम वजनाच्या तबकड्या जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यात दाबल्या जातात. याच कंपनीची ‘टोन पोएट’ नावाची दुसरी, अधिक महाग मालिका २०१९ पासून निघते. तिची देखरेख जो हार्ली करतो, तबकड्या कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्यात तयार होतात आणि पुस्तकासारखे उघडणारे जाड, चकचकीत वेष्टण मिळते. मात्र खाच कोरणारा हात दोन्हीकडे केविन ग्रेचाच आहे. मी घेतले तेव्हा क्लासिक मालिकेतली तबकडी तीन हजारांच्या आगेमागे पडत होती आणि टोन पोएटसाठी त्यावर आणखी दीड-दोन हजार मोजावे लागत होते. टोन पोएटचे पृष्ठभाग किंचित अधिक शांत असतात, हे मान्य करूनही तेवढा फरक मला ऐकण्यापेक्षा कपाटात ठेवून पाहण्याच्या आनंदाचा अधिक वाटतो. ज्यांना तो आनंद हवा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

ध्वनिमुद्रकाचे नाव म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ व्यवसायाने डोळे तपासणारा होता आणि न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आई-वडिलांच्या दिवाणखान्यात रात्री, सुट्टीच्या दिवशी ध्वनिमुद्रण करीत असे. ब्लू नोटचे १९५० च्या दशकातले बहुतेक नामांकित अल्बम त्या दिवाणखान्यात झाले. १९५९ साली त्याने जवळच्या एंगलवुड क्लिफ्स इथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याचे लाकडी छत सुमारे ३९ फूट उंच होते, आणि पुढच्या रेकॉर्डमध्ये वाद्यांभोवती जी मोकळी हवा ऐकू येते तिचे मोठे श्रेय त्या छताला आहे. व्हॅन गेल्डर मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ ठेवीत असे. त्यामुळे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन श्रोत्याच्या थेट समोर उभे राहतात, आणि झांजेवर काठी टेकताच उठणारा पहिला बारीक आघातसुद्धा स्पष्ट कळतो. पियानोच्या बाबतीत मात्र तो कमी पडला. त्याचा पियानो पेटीत कोंडल्यासारखा, वरचे तेज कापल्यासारखा वाजतो, आणि ज्यांनी हे पुनर्मुद्रण निर्दोष असल्याचे ऐकून पियानोप्रधान अल्बम मागवला त्यांची हमखास निराशा होते. फितीवरच जे नाही ते कोणत्याही मालिकेला आणता येणार नाही.

म्हणूनच या मालिकेतून एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर केनी बरेलची ‘मिडनाइट ब्लू’ घ्यावी, कारण तिच्यात पियानोच नाही. १९६३ च्या जानेवारीत एंगलवुड क्लिफ्समध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये बरेलची गिटार, स्टॅन्ली टर्रेंटाइनचा टेनर सॅक्सोफोन, मेजर हॉली यांचा बास, बिल इंग्लिश यांचे ड्रम आणि रे बरेटोचा काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) एवढीच वाद्ये आहेत. पहिल्याच रचनेत बास आणि तालवाद्ये लय बांधतात आणि त्यावर टर्रेंटाइन येतो. त्याच्या सुराच्या मागची फुंकर, तोंडातल्या रीडची किंचित ओलसर कड माझ्या साध्याशा यंत्रणेवरही लपत नाही. तबला-ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला विशेष आवडेल तो काँगा. तळहाताची थाप आणि बोटांचा ठोका यांतला फरक, आणि कातड्याचा आवाज खोलीत विरण्यापूर्वीचा तो क्षण, हे सगळे वेगवेगळे उमटते. पहिल्याच बाजूवर ‘सोल लॅमेंट’ ही एकट्या गिटारची छोटी रचना आहे. तबकडी कितपत शांत आहे हे तपासायला तिच्याइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे चरचर लपायला दुसरे वाद्यच नसते. माझ्या प्रतीवर तिथे एक-दोन बारीक टकटकी आहेत. धुतल्यावर त्या कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

ड्रमवादक आर्ट ब्लेकीची ‘मोनिन’ ऑक्टोबर १९५८ ची, म्हणजे हॅकनसॅकच्या दिवाणखान्यातली आहे. बॉबी टिमन्सचा पियानो एक ओळ टाकतो आणि ली मॉर्गनचा ट्रम्पेट व बेनी गोल्सनचा सॅक्सोफोन ती उचलतात, भजनात टाळकऱ्यांनी धृपद उचलावे तशी. वादनाचा जोश इतका आहे की पियानोच्या कोंदटपणाकडे सहसा लक्ष जात नाही. आवाज मात्र ‘मिडनाइट ब्लू’पेक्षा दाटीवाटीचा आहे, हे ठिकाण लहान असल्याचे लक्षण मानावे. हर्बी हँकॉकची ‘मेडन व्हॉयेज’ १९६५ ची. टोनी विल्यम्सच्या झांजांसाठी ती अवश्य ऐकावी, कारण सुटत जाणाऱ्या, पसरत जाणाऱ्या त्या झांजा एंगलवुड क्लिफ्सच्या उंच छताखाली पूर्ण फुलल्या आहेत. पण अल्बमचा नायकच पियानोवादक असल्यामुळे वर सांगितलेली उणीव इथे सर्वांत जास्त बोचते.

पियानोसाठी ब्लू नोट सोडून दुसरीकडे वळावे लागते. लॉस एंजेलिसच्या काँटेम्पररी कंपनीचा ध्वनिमुद्रक रॉय ड्यूनन याने कंपनीच्या माल ठेवण्याच्या खोलीत केलेली ध्वनिमुद्रणे आजच्या कित्येक स्टुडिओंना लाजवतील अशी आहेत. १९५७ साली सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या तालसंचाबरोबर, म्हणजे रेड गार्लंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स यांच्याबरोबर केलेला अल्बम ऐकला तर गार्लंडचा पियानो किती मोकळा आणि उजळ असू शकतो हे कळते. त्याच वर्षी सॉनी रोलिन्सने रे ब्राउन आणि शेली मॅन यांच्यासोबत केलेला ‘वे आउट वेस्ट’ तर पहाटे तीन वाजता सुरू केलेल्या बैठकीत झाला, कारण तिघांनाही दुसरी वेळ मोकळी नव्हती. त्यात सॅक्सोफोन एका स्पीकरमध्ये आणि बास-ड्रम दुसऱ्यात, अशी कडक विभागणी आहे. हेडफोनवर ती खटकते, खोलीत मात्र दोन्ही बाजूंचे वादक जागेवर उभे असल्यासारखे वाटतात. क्राफ्ट कंपनीने २०२३ पासून ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही जुनी मालिका नव्याने सुरू केली आहे. तिचीही खाच केविन ग्रेच कोरतो आणि तबकड्या आरटीआयमध्ये दाबल्या जातात, त्यामुळे ब्लू नोटनंतरची माझी दुसरी शिफारस तिचीच राहील.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा विषय टाळता येत नाही, कारण जॅझची पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण तीच मागवतात. १९५९ साली न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर, पूर्वी चर्च असलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली आणि त्या वास्तूची प्रशस्त घुमारी तिच्यात भरून आहे. पण २ मार्चच्या बैठकीत मुख्य यंत्राची फीत किंचित हळू फिरत होती. परिणामी ती फीत नेहमीच्या वेगाने वाजवून बनलेल्या रेकॉर्डची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा थोडी चढी वाजते, आणि सोबत चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या अचूक फितीचा उपयोग करून ही चूक १९९२ सालच्या आवृत्तीत प्रथम सुधारली गेली. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तंबोऱ्यावर कान तयार झालेले श्रोते आमच्याकडे घरटी सापडतात. अशांनी पेटीवर सूर धरून पाहिल्यास जुन्या आवृत्तीतला फरक त्यांच्या ध्यानात येईल. घेताना वेग सुधारलेली आवृत्ती आहे ना, एवढे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

जुन्या बाजारातून काही मिळते का, असे मला नेहमी विचारले जाते. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतले सामान कधीमधी विक्रीला येते आणि गोवा घाटापलीकडेच असल्यामुळे पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या इकडे अगदीच दुर्मीळ नाहीत. तथापि त्यांत नाचाच्या वाद्यवृंदांचे आणि हलक्याफुलक्या गाण्यांचे प्रमाण जास्त, जॅझ क्वचित. “घ्या की सर, फॉरेनची आहे, असली माल,” असे विक्रेता म्हणतो तेव्हा मोबाइलची बॅटरी लावून शेवटच्या रचनेनंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत रिकामी पट्टी असते ती पाहावी. ब्लू नोटच्या खऱ्या जुन्या प्रतीवर तिथे व्हॅन गेल्डरचे नाव किंवा त्याची आद्याक्षरे आढळतात, आणि १९६६ पर्यंतच्या प्रतींवर प्लास्टीलाइट कारखान्याची, कानाच्या आकारासारखी दिसणारी बारीक खूण असते. नव्या क्लासिक मालिकेच्या पट्टीवर ‘केपीजी ॲट सीए’ अशी केविन ग्रेची सही असते. पट्टी पाहून झाल्यावर तबकडी तिरपी धरावी. खाचांचा काळा रंग जिथे राखाडी पडला असेल तिथे जड, बोथट सुईने खाच खरवडलेली असते, आणि ते नुकसान धुऊन जात नाही.

या जुन्या मालात एक भारतीय रेकॉर्ड मात्र सापडली तर सोडू नये. शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘राग जॅझ स्टाइल’ हा अल्बम तोडीपासून भैरवीपर्यंत ११ रागांवर बांधलेला असून रईस खान यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन त्यात आहे. शुद्ध जॅझच्या कसोटीवर तो कितपत उतरेल यावर वाद घालता येईल. वादकांची तयारी आणि मुंबईच्या स्टुडिओंचे कसब यांवर घालता येणार नाही.

युरोपातून येणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांबद्दल सावध राहावे. तिथल्या कायद्याने १९६३ पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचा स्वामित्वहक्क संपलेला असल्यामुळे कोणालाही ती छापता येतात, आणि मूळ फीत हाताशी नसल्याने यांतल्या पुष्कळ रेकॉर्ड सीडीसारख्या डिजिटल प्रतीवरून बनतात. क्लासिक मालिकेच्या निम्म्या दरात तोच अल्बम दिसला आणि वेष्टणावर मास्टरिंग (छपाईपूर्वी आवाजाची अंतिम तयारी) कोणी केले याचा उल्लेखच नसला, तर तो मोह टाळावा. तेवढ्या पैशांत चांगली सीडी मिळते आणि ती अधिक चांगली वाजते.

राहिला प्रश्न वाहतुकीचा आणि हवेचा. क्लासिक मालिकेची माझी मुख्य तक्रार मधल्या छिद्राची आहे. एका प्रतीचे छिद्र केंद्रापासून किंचित सरकलेले निघाले आणि सॅक्सोफोनचा लांब धरलेला प्रत्येक सूर पाळण्यात घातल्यासारखा झुलू लागला. द्रुत रचनेत हे कळत नाही, संथ रचनेत सहन होत नाही. विक्रेत्याने ती बदलून दिली, पण पाकीट उघडतानाचे चित्रण केलेले होते म्हणूनच. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेली तबकडी वाकून येण्याचा संभव असतो. म्हणून मी मागण्या दिवाळीनंतर नोंदवतो. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते, वेष्टणांवर बुरशी धरते आणि कागदी आतले पाकीट तबकडीला चिकटू पाहते. या मालिकेतले आतले पाकीट बऱ्यापैकी आहे, तरी ते काढून प्लॅस्टिकचे अस्तर असलेले पाकीट घालावे आणि तबकड्या भिंतीपासून हातभर दूर, उभ्या ठेवाव्यात. सुईचे वजन काट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास, असावे. सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेअरची सुई बहुधा याच्या दुपटीहून अधिक दाब देते, त्यामुळे तीन हजारांची रेकॉर्ड त्यावर लावण्यापूर्वी आधी प्लेअर बदलावा.