वस्तऱ्याची धार तपासायच्या पद्धती: काही महिने वापरून झाल्यावर

वस्तरा घरीच पाजवायला लागल्यापासून धार तपासायच्या जवळजवळ सगळ्या रूढ पद्धती मी आलटूनपालटून वापरल्या आहेत. दगड कोणता घ्यावा, किती ग्रिटचा घ्यावा (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक), यावर लोक भरभरून बोलतात. पण हातातल्या दगडाचं काम झालं हे ओळखायचं कसं, असं विचारलं की ‘सवयीने कळतं’ एवढ्यावर भागवलं जातं. सवयीने कळतं हे खरंच, पण सवय लागेपर्यंत गाल आपलाच असतो. इतक्या महिन्यांनी माझं मत असं झालंय की कुठलीच चाचणी सरसकट चांगली किंवा वाईट नसते, ती कुठल्या टप्प्यावर करता यावर सगळं आहे. १००० ग्रिटच्या दगडानंतर जी चाचणी खरं सांगते, तीच १२००० नंतर केली तर धारेचं वाटोळं करते.

ही वाटोळं करणारी चाचणी म्हणजे नखाची. अंगठ्याचं नख ओलं करायचं, त्यावर वस्तरा टेकवायचा आणि निव्वळ त्याच्या वजनावर टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत अलगद ओढायचा. पातं निसटून पुढे गेलं तर धारेलगतच्या दोन्ही उतारांचं, म्हणजे बेव्हलचं, काम अजून झालेलं नाही. सगळीकडे सारखं, किंचित चावत गेलं तर झालं. मधेच खट्‌कन अडकलं तर तिथे टवका आहे. टवके शोधायला याच्याइतकी स्वस्त आणि नेमकी पद्धत मला मिळालेली नाही. पण नख म्हणजे केराटिन, तेही केसापेक्षा कितीतरी जाड. ८०००–१२००० पर्यंत नेलेली नाजूक धार त्यावर ओढली की तिचा शेंडा मोडतो आणि पुन्हा दगडाकडे जावं लागतं. म्हणून नख फक्त १००० पर्यंत, पुढे नाही.

त्याच टप्प्यावर मार्करही कामाला येतो. बेव्हलवर शाई फासायची, दगडावर दोन-तीन हलके हात मारायचे आणि शाई कुठे उरली ते बघायचं. वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, दगडाला टेकलेलीच असते, त्यामुळे कोन आपल्या हातात नसतो. तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून ठरतो, बहुतेक वस्तऱ्यांत एकूण १६–१८ अंशांच्या आसपास. पाठीवर टेपचा एक थर लावला तर जेमतेम एक अंश वाढतो. तरीही टाचेपाशी किंवा टोकाशी शाई उरलेली दिसली की समजायचं, पातं जरा वाकडं आहे किंवा दगड सपाट राहिलेला नाही. जुन्या वस्तऱ्यांत पहिलं, आणि बऱ्याच वेळा दुसरंही.

दिव्याखाली धार वर करून सरळ समोरून बघणं ही सगळ्यात निरुपद्रवी चाचणी, आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. पुरती लागलेली धार दिसत नाही. जिथे पांढरी चकाकी दिसते तिथे धार बोथट आहे, कारण प्रकाश परतवायला तिथे सपाटी उरलेली आहे. सोबत ३० ते ६० पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर १००० च्या ओरखड्यांवर पुढच्या दगडाचे बारीक ओरखडे थेट धारेपर्यंत पोचलेत का, हेही कळतं. भिंग मात्र धार ‘चांगली’ आहे हे सांगत नाही, फक्त काय राहून गेलंय ते दाखवतं. मी ते तेवढ्यासाठीच वापरतो.

हातावरच्या केसांची चाचणी सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या लेखी सर्वांत फसवी. कातडीला टेकवून केस निघाले म्हणून वस्तरा तयार झाला असं होत नाही. १००० च्या दगडावर नीट लावलेला साधा चाकूही तेवढं करतो. तिचा उपयोग तेव्हा होतो जेव्हा पातं कातडीपासून थोडं वर ठेवून, कशालाही न टेकवता, केसांचे शेंडे कापले जातात का हे बघता. ५००० ते ८००० च्या दरम्यान हे जमायला लागतं. टाच, मधला भाग, टोक असं तिन्हीकडे बघावं. (काही दिवसांनी एक मनगट गुळगुळीत दिसायला लागतं आणि लोक विचारतात, हा या चाचणीचा दुष्परिणाम.)

आता लटकत्या केसाची चाचणी, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डोक्याचा एक केस चिमटीत धरायचा, वस्तरा धार वर करून स्थिर ठेवायचा आणि केस वरून अलगद धारेवर सोडायचा. हलवायचा केस, वस्तरा नाही. निकाल हो-नाही इतका सरळ नसतो. कधी केस काहीच न होता घसरतो. कधी खरखर करत सरकतो. कधी उभा चिरतो, पण तुटत नाही. कधी आधी अडकतो आणि मग टप्‌कन तुटतो, आणि कधी आवाजही न करता खाली पडतो. या पायऱ्या कानाला आणि बोटांना ओळखू यायला लागल्या की मग ही चाचणी बोलायला लागते.

पण ती बोलते ती तुमच्या केसाच्या भाषेत. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो आणि जाड, ताठ केस बारीक केसापेक्षा सहज तुटतो. तेलकट केस निसटतो, धुतलेला अडकतो. केसावरचे खवले शेंड्याच्या दिशेने असतात, त्यामुळे तो मुळाकडून धरला की शेंड्याकडून यानेही निकाल बदलतो. चिमटीपासून किती अंतरावर धार लागते यानेही बदलतो, जवळ असेल तर केस वाकायला जागा नसते आणि तो लवकर तुटतो. म्हणून कुणा दुसऱ्याचा ‘माझा तर लगेच तुटतो’ हा दावा मी आता ऐकून सोडून देतो. एकाच डोक्याचे, धुऊन वाळवलेले केस ठेवायचे, मुळाकडून धरायचे, अंतर तेच ठेवायचं, आणि आजच्या निकालाची तुलना फक्त आपल्याच मागच्या निकालाशी करायची. असं केलं तर ही चाचणी मोजपट्टी होते.

दोन बाबतींत तर तिला पर्याय नाही. एक म्हणजे पात्याच्या लांबीभर फरक दाखवणं. मधे केस पडतो आणि टोकाशी सरकतो, तर टोकाकडे दगडाचं काम बाकी आहे. दुसरं म्हणजे दगडानंतर धार ज्यावर ओढतात त्या चामड्याच्या पट्ट्याआधी आणि नंतर तुलना करणं. थेट दगडावरून उचललेली धार या चाचणीत बऱ्याचदा नापास होते, आणि तीच आधी कापडावर, मग चामड्यावर नीट ओढली की केस पडायला लागतो. हा फरक दिसला नाही तर दगडाला दोष देण्याआधी पट्टा बघावा. तो सैल धरला गेला की झोळ पडतो आणि धार सुधारण्याऐवजी गोल होते. पातं वळवायचं ते नेहमी पाठीवरून, हे वेगळं सांगायला नको.

तरीही ही चाचणी एका ठिकाणी साफ खोटं बोलते. गरजेपेक्षा जास्त वेळ दगडावर घासलं की धारेच्या शेंड्याला पोलादाचा पापुद्रा उरतो. तो लटकता केस झोकात कापतो, चाचणी उत्तम पास होते, आणि दाढीच्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताला पापुद्रा मोडून गालाची आग होते. हा पापुद्रा पकडायला ओल्या अंगठ्याचा मऊ भाग बरा. धारेच्या आडव्या दिशेने, नुसता स्पर्श, लांबीच्या दिशेने सरकवणं अजिबात नाही. चांगली धार त्वचेला चिकटल्यासारखी वाटते, पापुद्र्याची धार खरबरीत, कोरडी वाटते. ही चाचणी शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि शिकल्यावर सगळ्यात कमी वेळ घेते. आता दोन दगडांच्या मधे मी बहुधा हीच करतो.

शेवटी दाढी. केस आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजलेले हवेत. कोरड्या केसाला कापायला बराच जास्त जोर लागतो, आणि मग दोष धारेचा की तयारीचा हे कळत नाही. पातं साधारण ३० अंशांत. कानशिलाखालचा पहिला हात काहीच सांगत नाही, तिथे मध्यम धारही चालून जाते. हनुवटी आणि वरचा ओठ खरं सांगतात. तिथे केस ओढला जात असेल तर धार कमी पडतेय. सहज कापून नंतर झोंबत असेल तर धार तिखट आहे पण गुळगुळीत नाही. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली की हा फरक स्वच्छ कळतो. केस-चाचणी हे दुसरं कधीच सांगत नाही.

एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं होतं की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा पात्याचा टवका काढू शकतो. केस वाकून तिरका लागतो आणि पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसते, तेव्हा हे घडतं. त्यांनी तपासली ती फेकून द्यायच्या रेझरची पाती, पण वस्तऱ्याची धार एखाद्याच जागी आधी का जाते हे मला त्यावरून पटलं. म्हणून दाढी ओढायला लागली की सगळं पातं सरसकट दगडावर चढवत नाही. आधी पट्टा, मग तीन ठिकाणी लटकता केस. सगळीकडे सारखाच सरकत असेल तर क्रोमियम ऑक्साइड (धार घासायची बारीक पूड) लावलेल्या पट्ट्यावर थोडे हात पुरतात. त्यानेही जमलं नाही तर १२००० चा दगड. एकाच जागी केस अडत असेल तर भिंग, आणि भिंगात टवका दिसला तरच १००० आणि त्यासोबत नखाची चाचणी.