सोळा इंची आर्चटॉप आणि मापाचे चार ठोके: वर्षभर वाजवल्यानंतर

घरी एकट्यानं बसून वाजवायची असेल तर आर्चटॉप, म्हणजे कमानीसारख्या फुगीर फळीची गिटार घेऊ नका. हे आधीच सांगतो, कारण फोटो बघून मोह होतो आणि पैसेही काही कमी लागत नाहीत. चार-पाच जणांत बसून जुन्या वळणाचा जॅझ रिदम वाजवायचा असेल, तर मात्र हिला पर्याय नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ही घेतली, आता पुढचा पावसाळा दारात आहे. मधल्या काळात ती दर रविवारी बेळगावच्या शहापुरातल्या एका वाड्याच्या माडीवर आमच्या मंडळींबरोबर वाजली आणि एरवी रोज सकाळी घरी.

गिटार चिनी बनावटीची, सोळा इंच रुंद. वरची फळी स्प्रूसची, भरीव लाकूड कोरून काढलेली. मागची आणि बाजूची मेपलची प्लाय. मध्ये गोल भोक नाही, व्हायोलिनसारखी दोन्ही अंगांना ‘एफ’च्या आकाराची भोकं. तारा खालच्या टोकाच्या टेलपीसला अडकवायच्या. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी, कुठंही चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच जागेवर उभा राहतो. तारांचा आवाज विजेवर उचलणारा पिकअप नाही, वायर नाही. पणजीच्या एका हौशी वादकाकडून वापरलेली मिळाली, ४५ हजारांत, आणि चोर्ला घाटातून बसमध्ये मांडीवर घेऊन आणली.

पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला हिचा आवाज कोरडा वाटतो. साध्या गिटारवर एक कॉर्ड छेडली की ती बराच वेळ घुमत राहते. हिच्यावर ‘टक्’ असा ठसठशीत ठोका येतो आणि लगेच विरतो. भावगीताला हिच्यावर साथ धरली तर गाणाऱ्याला आधार पुरत नाही. माझ्या भाच्यानं थोडा वेळ वाजवून परत दिली, “मामा, ही घुमतच नाही की!” म्हणाला. त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पण ज्या कामासाठी ही जात घडवली, त्या कामाला हा कोरडेपणाच लागतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या जॅझ बँडमध्ये ताल धरायला बहुतेक बँजो असायचा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या गर्दीत साधी गिटार ऐकूच यायची नाही. १९२२ मध्ये गिब्सन कंपनीकडं लॉइड लोअर यांच्या हाताखाली एल-५ ही गिटार तयार झाली. कोरलेली फळी, एफ भोकं, सोळा इंचांचा पसारा. पुढच्या दहाएक वर्षांत बँजोवाल्याच्या खुर्चीत गिटारवाला बसला. बँड फुगत गेले तशा गिटारीही फुगल्या. एल-५ १९३४ मध्ये १७ इंचांची झाली, स्ट्रॉमबर्गची मास्टर ४०० तर १९ इंचांपर्यंत गेली. विजेशिवाय ठोका सगळ्यांपर्यंत पोचावा एवढ्यासाठी ही सगळी धडपड. १९३६ मध्ये पिकअपवाली ईएस-१५० आली, १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन यांनी बेनी गुडमनच्या ताफ्यात वीजेच्या गिटारवर सोलो वाजवायला सुरुवात केली आणि बहुतेकांनी तीच वाट धरली.

गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांनी धरली नाही. १९३७ मध्ये ते काउंट बेसींच्या बँडमध्ये बसले ते १९८७ मध्ये वारेपर्यंत, पन्नास वर्षं. काम एकच, मापाचे, म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनाचे, चार ठोके. बेसींचा पियानो, वॉल्टर पेज यांचा बास, जो जोन्स यांचे ड्रम आणि ही गिटार असे चौघे इतके मिसळून वाजत की त्यातून गिटार वेगळी काढून ऐकायला कान तयार करावा लागतो. जोतं जसं नजरेत भरत नाही पण घर त्यावरच उभं असतं, तशी ती गिटार आहे. आमच्या मंडळींना हेच वाजवायचं आहे, आणि मी ही गिटार घेतली तीही एवढ्याचसाठी.

आमच्यातले काका लष्करी बँडमधून निवृत्त झालेत, क्लॅरिनेट वाजवतात. कॅम्पातले एक अंकल व्हायोलिनला, खानापूरचा एक पोरगा स्नेअर ड्रमवर ब्रश घेऊन, एक जण बासला, आणि निपाणीहून येणारा मित्र दुसऱ्या गिटारवर. काकांच्या डोक्यात स्विंग, म्हणजे जॅझची डुलती लय, शिरला तो सी. रामचंद्रांच्या चालींमधून. त्या गाण्यांमागे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे जॅझ वादक होते, मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग अशी त्यांची कमाई चालायची. म्हणजे हे संगीत आपल्याकडं परकं नाही. आपल्या आजोबांनी रेडिओवर ऐकलेलंच आहे, फक्त तेव्हा कुणी त्याला जॅझ म्हटलं नव्हतं.

माडीवर आर्चटॉप पहिल्यांदा नेली त्या दिवसाचं सांगण्यासारखं आहे. त्याआधी मी साधी गोल भोकाची गिटार वाजवत होतो. तिच्या खर्जाची घुमणी बासच्या सुरांवर चढायची, त्यामुळं बासवाल्याला दर वेळी जोर लावावा लागायचा, मग ब्रशवाला वाढायचा, आणि तिसऱ्या फेरीला सगळीच ओरड. आर्चटॉप आल्यावर बास आपोआप मोकळा झाला. तिचा आवाज बासच्या वर आणि क्लॅरिनेटच्या खाली, मधल्या रिकाम्या जागेत बसतो. अर्ध्या तासानं काका वाद्य खाली ठेवून म्हणाले, “तुझी गिटार मला ऐकू येईना झालीय. पण माझी बोटं कशी सरळ पडालीत बघ.” या वाद्याबद्दल मी आजवर ऐकलेला सगळ्यात चांगला शेरा तो आहे.

निपाणीच्या मित्राचा हात मात्र वेगळ्या घराण्याचा. तो गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचा भक्त. १९३४ मध्ये पॅरिसला जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी जो पंचक बांधला त्यात ड्रम नव्हतेच. दोन रिदम गिटारी आणि बासच सगळा ताल ओढायच्या, आणि त्या ठोक्याला ‘ला पाँप’ म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झटका, मध्ये हाताची चटकन वर जाणारी उसळी. बेसीवाला ठोका सपाट आणि बसका, हा उड्या मारणारा. दोन्ही एकाच वेळी वाजले की माप फाटतं. आता आमची रीत अशी ठरलीय की व्हायोलिन पुढं असेल तेव्हा त्यानं ओढायचं आणि मी थांबायचं. क्लॅरिनेट पुढं असेल तेव्हा उलट. थांबून ऐकण्याचा फायदा वाजवण्याइतकाच होतो, हे मी मनापासून सांगतो.

आता हाताबद्दल, कारण ही गिटार भरगच्च कॉर्ड खपवून घेत नाही. सहाही तारा दाबून वाजवलं की सूर चिखलात रुततात. तीनच सूर घ्यायचे: सहावी (सगळ्यात जाड), चौथी आणि तिसरी तार. पाचवी बोटाच्या टोकानं हलकी टेकवून मुकी, वरच्या दोन्ही तशाच मुक्या. उदाहरण देतो. सहाव्या तारेवर तिसरा पडदा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा, ही झाली जी सिक्स्थ. मग तिन्ही तारांवर पाचवा पडदा, ए मायनर सेव्हन्थ. मग सहावा-पाचवा-सहावा, ही बी-फ्लॅट डिमिनिश्ड. शेवटी सातवा-पाचवा-सातवा, परत जीच, पण खाली बी. मापातला प्रत्येक ठोका एक पायरी चढतो आणि खर्जात जी, ए, बी-फ्लॅट, बी अशी चाल ऐकू येते. एवढं एकच माप आम्ही कितीतरी रविवार घोटलं. ठोका पडला की डाव्या हाताची बोटं तारेवरच ठेवून दाब तेवढा सोडायचा. किती लवकर सोडायचा यावर सगळा स्विंग आहे. लवकर सोडला तर नुसती काठी आपटल्यासारखी येते, उशिरा सोडला तर माप जड होतं.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा टिकटिकाट दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा, म्हणजे तुमची लय १२० ची होईल. पहिली आणि तिसरी मात्रा तुमची तुम्ही सांभाळायची. द्रुत लयीपेक्षा संथ लयीत हे जास्त अवघड जातं.

तक्रारीकडं येतो. विकत घेतली तेव्हा हिच्या ब्रिजचे पाय फळीच्या वक्रावर नीट बसलेलेच नव्हते, खालून कागद आरपार जायचा. त्यामुळं तारेची ताकद फळीत उतरत नव्हती. बेळगावात हात लावायला कुणी धजेना, म्हणून रेल्वेनं मिरजेला नेली. मिरजेची सतार आणि तंबोरा, दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथल्या कारागिराला घोडी आणि जवारी (घोडीच्या माथ्याची घडण) म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यानं तारा सैल केल्या, फळीवर कार्बन पेपर ठेवून ब्रिज घासला आणि उलटा करून मला दाखवला. काळा डाग फक्त दोन्ही टोकांना उमटला होता, मधला भाग कोरा. मग फळीवर पॉलिश पेपर पाठीकडून ठेवला, खरखरीत बाजू वर, आणि ब्रिज त्याच जागेवर पुढं-मागं घासत राहिला. मध्येच फुंकर, परत कार्बन, परत घासणं. शेवटी सगळ्या तळव्यावर सारखा काळा रंग चढला तेव्हा त्यानं हातातलं खाली ठेवलं. गावी परत येऊन वाजवली तर आवाज दीडपट झाल्यासारखा वाटला. कुठलीही आर्चटॉप घ्या, हे काम करून घ्याच.

बेळगावचा पाऊस हा हिचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर हवा ओली, लाकूड ओल ओढतं, कोरलेली फळी फुगून वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. मार्च-एप्रिलच्या कोरड्यात उलटं होतं. दिलासा एवढा की ब्रिजला दोन्ही बाजूंना फिरवायच्या चकत्या असतात. अवजार लागत नाही, बोटांनी पाव फेरा दिला की उंची जागेवर. मी केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवतो आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, उन्हाळ्यात ओलसर स्पंज. केसबद्दल एक सांगतो: ऑनलाइन मागवलेली साध्या गिटारची केस हिला चालली नाही, फळीच्या फुगवट्यामुळं झाकण बसेना, आणि विक्रेत्यानं पैसे परत करायला महिना घालवला. आर्चटॉपची म्हणूनच मागवा.

तारा जाड हव्यात, १३ ते ५६ चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत). दुकानात साधारण १० किंवा ११ चे ब्राँझचे संच पुढं करतात, ते हिच्यावर पातळ वाजतात. मार्टिनच्या मोनेल (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या) तारा मला सगळ्यात पसंत पडल्या, चमक कमी आणि ठोका गोल. डॅडारिओचा निकेलचा १३ चा संचही चांगला. पिक दीड मिलिमीटरच्या आसपासचं, न वाकणारं. तारा बदलताना सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. एकेक बदलायची, नाहीतर ब्रिज जागेवरून हलतो आणि सूर बिघडतो. हलला तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत सरकवून घ्यायचा. जाड तारा आणि उंच बसवण यामुळं सुरुवातीला डावा हात दुखतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत थांबतो.

घेणाऱ्यासाठी शेवटचं. वापरलेली बघायला गेलात तर एफ भोकातून मोबाइलचा उजेड आत टाका आणि फळीला आतून चीर आहे का बघा. फळीवर बोटानं हलकं टकटक करा, आतून फरफर आवाज आला तर पट्टी सुटलेली आहे, ती गिटार सोडून द्या. मान सरळ हवी. ब्रिजखाली वहीचा कागद सरकवून बघा. तो आत गेला तर घाबरू नका, मिरजेचा खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं किमतीतून वजा करून मागा.