गोठवलेला मग नको, साधा ग्लास द्या

मे महिन्यातली दुपार. गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उरकून घामाघूम होऊन मोरजीच्या किनाऱ्याजवळच्या एका बारमध्ये शिरलो आणि गव्हाची बिअर मागवली. आली ती फ्रीझरमधून काढलेल्या मगात, आतून बर्फाची साय धरलेल्या. घोट गारेगार, चव मात्र काहीच नाही. वर फेसच फेस.

याचं मला खरंच वाईट वाटतं. जर्मन पद्धतीच्या या बिअरमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. अति गारठ्यात तो उठत नाही, जीभही बधिर होते. कितीही उकडत असलं तरी 6 ते 8 अंश सेल्सिअस पुरे.

दुसरी बाटली न उघडता मागितली. पाण्याने विसळलेला साधा उंच ग्लास तिरका धरून हळू ओतली. शेवटचा थोडा भाग बाटलीतच फिरवून तळाचा गाळही ओतला. पाचेक मिनिटं थांबलो. पिकलेलं रसबाळी केळं सोलावं तसा वास आला!

रवा लावून तळलेले मुडदुशे मासे उत्तम, वेटरही ऐकून घेणारा. पुन्हा जाईन, पण ‘मग नको’ हे आधीच सांगून.