मॉन्टॉक की बॅप्टिस्ट कॅम्प?

सेंट लुईसहून अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या करंट नदीवर ट्राउट मासा धरायला जायचंय, पण नक्की कुठे, असं एका मित्राने विचारलं. नदीचा उगम मॉन्टॉक स्टेट पार्कमधल्या झऱ्यांत होतो आणि बॅप्टिस्ट कॅम्प ही मासेमारीची जागा त्याच्याच थोडं खाली, प्रवाहाच्या दिशेने. पाणी दोन्हीकडे झऱ्याचंच, भर उन्हाळ्यातही पाय बधिर करणारं.

मासा मिळण्याची खात्री मॉन्टॉकला जास्त. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर रोज पाण्यात नवे मासे सोडतात. मात्र मासेमारीच्या परवान्यासोबत रोजचा वेगळा टॅगही घ्यावा लागतो, वेळ सुरू झाल्याचा भोंगा झाल्याशिवाय गळ टाकता येत नाही आणि सुट्टीला काठावर खांद्याला खांदा लागतो. मुक्कामाची, दुकानाची सोय आहे.

बॅप्टिस्ट कॅम्पला दुकान नाही. जिवंत आमिष चालत नाही, फक्त गळाला बांधलेली बनावट माशी (फ्लाय) किंवा इतर कृत्रिम आमिष. १८ इंचांहून लहान ट्राउट सोडून द्यायचा. पण नितळ पाण्यात गोट्यांवर स्थिर उभा असलेला ब्राउन ट्राउट दिसतो, आणि तुमची सावली पडली की क्षणात नाहीसा होतो. हे सुख मला मोठं वाटतं.

मुलं बरोबर असतील, पहिल्यांदाच गळ धरणार असाल किंवा मासा घरी न्यायचा असेल, तर मॉन्टॉक. हात बसलाय आणि शांतता हवी, तर बॅप्टिस्ट कॅम्प, तोही आठवड्याच्या मधल्या वारी.