भिगवणची पक्षीनिरीक्षण नौकाफेरी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून स्थानिक मच्छीमार जी नौकाफेरी घडवतात, ती पक्षीप्रेमींनी हिवाळ्यात आवर्जून करावी, कारण पाण्याची खोली आणि पक्ष्यांच्या चरण्याच्या जागा या नावाड्यांना मासेमारीमुळे तोंडपाठ असतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा दिसताच आमच्या नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने नाव पुढे नेली, आणि उथळ पाण्यात चोच उलटी धरून ते आपले खाद्य कसे गाळून घेतात, हे आम्हाला मनसोक्त पाहू दिले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब (बार-हेडेड गूज, एक रानहंस) पाहायचे असल्यास पहाटेच निघावे. छायाचित्रासाठी थवा उडवण्याचा आग्रह काही प्रवासी धरतात, तो नावाड्यांनी ठामपणे नाकारायला हवा. दुर्बीण सोबत न्यावी. लाइफ जॅकेट मात्र चढण्याआधीच मागून घ्यावे.