सभासदांच्या भाजीमळ्यात इनलाइन ठिबक आणि मल्चिंग पेपर: पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

जागा कळमेश्वरच्या बाजूची, अर्धा एकर काळी भारी जमीन. नागपुरातली सभासद कुटुंबं हंगामाचे पैसे आधी भरतात आणि ऑक्टोबर ते एप्रिल दर आठवड्याला भाजीची थैली नेतात. संच असा: 16 मिमी इनलाइन नळी (ड्रिपर आतच बसवलेली), 40 सेंमीवर ताशी 2 लिटरचे ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), स्क्रीन फिल्टर (जाळीचा), व्हेंचुरी (वाहत्या पाण्यात खत-औषध ओढून घेणारा भाग), आणि वर 25 मायक्रॉनचा चंदेरी-काळा पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा. नळ्या गुंडाळून टांगल्यावरच हे लिहितोय, कारण असा संच बहुतेक वेळा खराब होतो तो हंगाम आवरताना. विकणारे त्याबद्दल काही बोलत नाहीत.

निवडीचं आधी सांगतो. काळ्या जमिनीत 4 लिटरचा ड्रिपर घेऊ नका. पाणी मुरायला वेळ लागतो, मग ड्रिपरखाली डबकं साचतं आणि पाणी सरीत उतरतं. 2 लिटरचं पाणी सावकाश जिरतं, ओल आडवी पसरते आणि दोन ड्रिपरमधला भाग कोरडा राहत नाही. वांगी, मिरची, टमाटर, पत्ताकोबी या संचावर उत्तम येतात. मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) मात्र नळीजवळ दाट आणि कडेला विरळ उगवतात. उगवण होईपर्यंत त्यांना रेनपाइप (बारीक छिद्रांतून फवारा उडवणारा पाइप) लागतोच, तो खर्च सुरुवातीलाच धरा.

खरा त्रास चोंदण्याचा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. मार्चपासून उघड्या नळ्या उन्हात तापतात, आतलं पाणी तापलं की क्षार खाली बसतात, आणि पंप बंद असताना ड्रिपरमधलं पाणी उडून गेलं की तिथेच घट्ट होतात. एखादा ड्रिपर चिरून बघा. आतल्या नागमोडी वाटेत पांढरा थर दिसतो. त्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला तर तो चुना. थर हिरवट आणि बोटाला बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला आम्ल नाही, ब्लीचिंग लागतं.

तपासणी सोपी आहे. ड्रिपरखाली वाटी ठेवून 3 मिनिटं मोजायची, 100 मिली पाणी पडायला हवं. सबमेनजवळची (सबमेन म्हणजे या नळ्यांना पाणी देणारा जाड पाइप), मधली आणि शेवटची अशा तीन नळ्या घ्याव्यात, प्रत्येकीवर तीन ठिकाणी मोजावं. 90 च्या आत आलं तर सफाईची वेळ झाली. 75 पर्यंत उतरलं तर शेवटच्या ओळी तहानलेल्या आहेत, आणि एप्रिलच्या उन्हात ते थैलीत दिसतं: वांगी कडवट, भेंडी लवकर जून. पैसे आधी भरलेल्या सभासदाला कारण नंतर सांगून उपयोग नसतो.

शेवटची तोडणी झाली की आधी फिल्टर धुवावा, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह स्वच्छ पाणी येईपर्यंत उघडा ठेवावा. त्यानंतर एका वेळी चार-पाचच नळ्यांच्या टोकाच्या टोप्या काढाव्यात. सगळ्या एकदम उघडल्या तर पाण्याचा जोर पडतो आणि गाळ आतच राहतो. 10 लिटरची बादली नळीच्या टोकाशी सव्वादोन मिनिटांत भरली तर जोर पुरेसा आहे. मग आम्ल. 10 लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घालत पीएच पट्टी (आम्लता दाखवणारी) 4 दाखवेपर्यंत जावं, तेच प्रमाण पुढे धरावं. दोन ओळींत दीड मीटर अंतर धरलं तर अर्ध्या एकरात सुमारे 1,300 मीटर नळी बसते आणि तिच्यात जवळपास 200 लिटर पाणी मावतं. व्हेंचुरीतून आम्ल सोडून शेवटच्या ड्रिपरवरही पट्टी 4 दाखवू लागली की पंप बंद करावा, 24 तास राहू द्यावं आणि पुन्हा टोप्या उघडून धुवावं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ब्लीचिंग त्याच दिवशी वापरू नये, दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. श्रमदानाला आलेल्या सभासदांना या कामापासून लांब ठेवा, त्यांच्यासाठी गुंडाळणं आहे.

पेपरबद्दल मत संमिश्र. तण जवळजवळ नव्हतं, आणि चंदेरी बाजूमुळे मिरचीवर मावा व फुलकिडे कमी दिसले. पण काढताना जीव मेटाकुटीला येतो. वरचा भाग उन्हाने ठिसूळ होतो, मातीत दाबलेली कड मात्र शाबूत असते, म्हणून ओढला की मातीच्या रेषेवर फाटतो आणि कड आत राहते. पुढे वखर चालवला की त्या पट्ट्या पासेला (वखराच्या पात्याला) गुंडाळतात. झाडं उपटू नका, बुडाशी कापा. हलकं पाणी देऊन वाफसा आल्यावर कुदळीने कड मोकळी करा, पेपर सकाळच्या गारव्यात उचला आणि नळी त्यानंतर काढा. पुढच्या वेळी पेपर फक्त मिरची-टमाटरला घेऊ. वांग्याला सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पुरे, 8-10 सेंमी जाड थर. उधईवर (वाळवीवर) लक्ष ठेवावं लागतं, पण हंगाम संपला की ते वखरून मातीतच जातं.

नळी दोघांनी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी. लहान वेटोळ्यात मोड पडतो आणि तिथेच पुढे चीर जाते. जमिनीवर ठेवली तर उंदीर कुरतडतात, तारेला टांगून सावलीत ठेवावी. शेतात पडून राहिली तर मे महिन्यात पाण्याच्या शोधात खारी फोडतात, शिवाय उन्हाळी नांगरट अडते ती वेगळीच.

संचासोबत आलेल्या टोप्या आणि रबरी ग्रोमेट (नळी सबमेनला जोडताना भोकात बसणारी रिंग) निकृष्ट निघाले, ते जास्तीचे आणि वेगळे घ्या. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज बसवा. दोन्हींतला फरक 0.5 किलोपर्यंत (प्रति चौरस सेंमी) गेला की फिल्टर धुवायचा, अंदाजाने नाही. सभासदांची वर्गणी ठरवताना बियाणं, खत, मजुरी यांच्या जोडीने नळी बदलण्याचा निधी दर हंगामाला बाजूला काढावा. नीट राखली तर ती पाच-सात वर्षं सहज चालते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा अंथरल्यावर पहिलं पाणी टोप्या न लावताच सोडा. टांगलेल्या नळ्यांत मुंग्या आणि कोळी शिरलेले असतात, टोप्या लावलेल्या असल्या तर तो सगळा कचरा ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो.